कॅमेऱ्याचे भिंग : जुने आणि नवे

श्रोतेहो, बेळगावकडच्या ज्या मंडळींनी १९७१ नंतरच्या दोन दशकांत रेल्वेने पुण्या-मुंबईचा प्रवास केला असेल, त्यांना मिरज जंक्शनाची ओळख करून द्यावयास नको. पुण्याहून मिरजेपर्यंत आणि तेथून कोल्हापुरापर्यंतचा मार्ग त्या साली ब्रॉडगेज झाला. मिरजेहून बेळगाव-लोंढ्याकडे जाणारे रूळ मात्र १९९० नंतरच्या दशकापर्यंत मीटरगेजच राहिले. पंढरपूर-कुर्डुवाडीकडून येणारी बार्शी लाइनची गाडी तर त्याहूनही अरुंद. एकाच आवारात तीन मापांचे रूळ आणि तीन मापांची चाके! बेळगावच्या उतारूने वळकटी हमालाच्या डोक्यावर द्यावी आणि पलीकडच्या गाडीत जागा धरावी, हा तेथला नित्याचा परिपाठ होता. डबा मजबूत असे, इंजिन धडधाकट असे. पण चाकांमधले अंतर रुळांमधल्या अंतराशी जुळत नसे, म्हणून माणसे आणि माल उतरवून पुन्हा भरावा लागे.

आज मी बोलणार आहे तो विषय छायाचित्रणाचा आहे. तथापि त्यातील मुख्य अडचण ही मिरजेचीच अडचण आहे. ज्या कॅमेऱ्याचे भिंग काढून त्या जागी दुसरे बसविता येते, त्यात भिंग आणि कॅमेरा यांची गाठ एका धातूच्या कड्यापाशी पडते. धंद्यातील लोक त्याला माउंट म्हणतात. आपण बैठक म्हणू. या बैठकीची दोन मापे महत्त्वाची असतात. कड्याचा व्यास व त्यावरील आटे किंवा खाचा हे पहिले माप. कड्यापासून मागे फिल्मपर्यंतचे, आणि आता फिल्मच्या जागी आलेल्या सेन्सरपर्यंतचे अंतर, हे दुसरे. हे दुसरे माप केसभर जरी चुकले, तरी दूरचा डोंगर धूसर उमटतो. गेल्या शंभर वर्षांत प्रत्येक कारखान्याने आपापल्या मापाचे रूळ घातले, काहींनी ते मध्येच उखडून नवे घातले, आणि त्या प्रत्येक बदलाचा भुर्दंड छायाचित्रकाराला पडला.

निपाणीच्या किंवा खानापूरच्या बाजारपेठेत स्टुडिओ चालविणारा एखादा छायाचित्रकार डोळ्यांपुढे आणा. वडिलांच्या वेळची तीन-चार भिंगे त्याच्या कपाटात आहेत. लग्नसराई तोंडावर आली आहे. घरोघरी मोबाइल झाल्यामुळे किरकोळ गिऱ्हाईक तुटले आहे. दुकानदार त्याला सांगतो, जुने सर्व मोडीत काढा, नवी पद्धत घ्या, हप्ते बांधून देतो. वडील म्हणतात, असली काच आता मिळत नाही, विकू नकोस. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे; पण हप्ते मुलाला भरावयाचे आहेत. त्याने कोणाचे ऐकावे? या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीत सापडणार नाही. या भागात कॅमेरे कसे आले आणि भिंगांच्या बैठका कशा बदलत गेल्या, हे पाहिले तर काही उमज पडेल.

प्रारंभीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा या नव्या विद्येशी तेव्हापासूनचा संबंध. पुढे वीस वर्षांनी, १८७४ च्या जानेवारी ते मे या महिन्यांत, जेम्स बर्जेस यांनी पश्चिम हिंदुस्थानच्या पुरातत्त्व पाहणीचा पहिला हंगाम काढला तो बेळगाव आणि कलादगी या जिल्ह्यांत. त्या हंगामाचा अहवाल छायाचित्रांसह त्याच साली प्रसिद्ध झाला. म्हणजे आपल्या या पाहणीचा श्रीगणेशा बेळगावकडे झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या काळचे कॅमेरे लाकडी पेटीचे. भिंग एका चौकोनी फळीवर बसविलेले असे आणि ती फळी पेटीच्या तोंडाशी खोबणीत सरकविली जाई. मागची काच भात्याने पुढेमागे करता येत असल्यामुळे अंतराचे बंधन नव्हते. नवे भिंग आले की सुताराकडून एक फळी करून घ्यावी, तिला भोक पाडावे, की काम झाले. कोणत्याही पेटीला कोणतेही भिंग चाले.

भिंग आणि कॅमेरा या दोहोंत दुर्मिळ वस्तू कोणती, हे त्या काळी सर्वांना ठाऊक होते. निपाणीपासून अवघ्या चाळीसएक किलोमीटरवर कोल्हापूर आहे. तेथे आनंदराव आणि बाबुराव पेंटर या मावस-चुलत नात्याहून सख्ख्या वाटणाऱ्या भावांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडविण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव निवर्तले. बाबुरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास तो कॅमेरा पुरा केला, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. दातेरी चाके कोल्हापुरात कातता आली, पेटी कोल्हापुरात जुळविता आली. दृक्-काच मात्र त्या काळी हिंदुस्थानात कोठेच तयार होत नव्हती. ओगले बंधूंनी १९१६ साली कऱ्हाडजवळ काचकारखाना काढला आणि त्यांच्या प्रभाकर कंदिलाने घरे उजळली. पण कंदिलाची काच आणि भिंगाची काच यांत महदंतर आहे. भिंगाच्या काचेत बुडबुडा चालत नाही, रेघ चालत नाही, आणि ती ओतल्यावर फार सावकाश निववावी लागते. ही काच आपल्या देशात होऊ लागली ती स्वातंत्र्यानंतर, कलकत्त्याच्या केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेत. कॅमेरा येथे घडविता येतो, भिंग बाहेरून आणावे लागते, हा अनुभव आपल्याकडे अशा रीतीने फार जुना आहे. आणि भिंग जपून ठेवण्याची वडीलधाऱ्यांची वृत्ती त्यातूनच आलेली आहे.

रुळांच्या मापाचा प्रश्न उत्पन्न झाला तो लहान कॅमेऱ्यामुळे. ऑस्कर बारनाक या जर्मन कारागिराने चित्रपटाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा, कोटाच्या खिशात मावणारा लायका कॅमेरा घडविला. १९२५ साली तो बाजारात आला. १९३० साली त्याचे भिंग काढता-घालता येऊ लागले आणि पुढील वर्षी त्याचे माप कायमचे ठरले. ३९ मिलिमीटर व्यासाचे आटे, आणि कड्यापासून फिल्मपर्यंत २८.८ मिलिमीटर अंतर. येथून पुढे सुताराची फळी निरुपयोगी झाली. एवढ्या लहान चित्रात शतांश मिलिमीटरची चूकही दिसते, म्हणून कड्याचे माप कारखान्यातच ठरू लागले.

पुढे आरशाचे कॅमेरे आले. भिंगातून जे दिसते तेच आरशावरून डोळ्यापर्यंत पोहोचावे, ही त्यांतील सोय. १९३६ चा एक्झॅक्टा हा त्यांतील एक अग्रेसर. १९४९ साली पूर्व जर्मनीत ४२ मिलिमीटर आट्यांची बैठक आली आणि ती इतकी लोकप्रिय झाली की जर्मन, जपानी, रशियन असे अनेक कारखाने त्याच मापाची भिंगे करू लागले. या बैठकीत अंतर होते ४५.४६ मिलिमीटर. ते वाढण्याचे कारण उघड आहे. मध्ये आरसा हलावयाचा, त्याला जागा हवी. १९५९ साली जपानच्या निकॉनने आट्यांऐवजी खाचांची, म्हणजे जरासे फिरविताच खट्‌कन बसणारी बैठक काढली. तिचे अंतर ४६.५ मिलिमीटर. याच सुमारास काचेवर अतिसूक्ष्म लेप देण्याची, १९३५ साली जर्मनीत निघालेली युक्ती सर्वत्र रूढ झाली होती. या लेपामुळे काचेच्या पृष्ठांवरून होणारे प्रकाशाचे परावर्तन घटले आणि उजेडाकडे तोंड करून काढलेल्या चित्रांत दिसणारी धुरकट झाक कमी झाली. जुन्या भिंगांत तुलना करावयाची असेल तर लेपापूर्वीची आणि लेपानंतरची, अशी पहिली विभागणी करावी.

आता आपण आपल्या भागाकडे येऊ. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, खानापूर, निपाणी हा प्रदेश मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याच सुमारास देशात परकीय चलनाची टंचाई झाली आणि परदेशी कॅमेऱ्यांच्या आयातीवर कडक बंधने आली. त्यामुळे जगात नवनव्या बैठका निघत असताना येथल्या छायाचित्रकाराला निवड करावयास फारसे उरलेच नाही. जे हाती येईल ते घ्यावे, अशी स्थिती होती. सीमाभागाची एक विशेष गोष्ट अशी की, गोवा त्या वेळी पोर्तुगीजांकडे होता आणि तेथील बाजारात परदेशी मालाला मज्जाव नव्हता. मार्मागोव्याहून येणारी रेल्वे कॅसलरॉकच्या जकात ठाण्यावरून लोंढ्याला आणि तेथून बेळगावला येई. १९५५ साली हा रेल्वेमार्ग बंद झाला, तरी घड्याळे, फाउंटन पेने, कॅमेरे असा हातात मावणारा माल घाटवाटांनी येतच राहिला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि तो अध्याय संपला. अशा मार्गाने आलेल्या कॅमेऱ्याला दुसरे भिंग हवे झाले, तर ते त्याच बैठकीचे मिळेल याचा भरवसा नसे. कॅमेरा एका मापाचा, भिंग दुसऱ्या मापाचे, आणि दोन्ही परत करण्याची सोय नाही!

सरळ मार्गाने मिळणाऱ्या वस्तू वेगळ्या होत्या. बडोद्याला तयार होणारा आग्फा क्लिक ३ हा पेटीवजा कॅमेरा घरोघरी गेला. पण त्याचे भिंग कायमचे जखडलेले. पूर्व जर्मनीची ओर्वो फिल्म रुपयांच्या व्यवहारामुळे येऊ शके, आणि उटकमंडच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदु’ फिल्म १९६० नंतरच्या दशकात निघाली. प्राक्टिका, झेनिट हे ४२ मिलिमीटर आट्यांचे कॅमेरे काही हौशी मंडळींच्या हाती दिसत. स्टुडिओवाल्यांचा भर मात्र दोन भिंगांच्या, वरून पाहण्याच्या यशिका-मॅटसारख्या कॅमेऱ्यांवर होता. त्याचेही भिंग बदलत नसे. पुढे आखातात गेलेली माणसे सुटीवर येताना जपानी कॅमेरे आणू लागली. मग पेंटॅक्स के-१००० आणि निकॉनचे एफएम जातीचे कॅमेरे लग्नमंडपांत दिसू लागले. आज जी जुनी भिंगे या भागातील कपाटांत आहेत ती बहुतेक या शेवटच्या पिढीची. यास्तव ती भिंगे कोणत्या बैठकीची आहेत, हे पाहूनच त्यांचा विचार केला पाहिजे.

बैठक बदलताना कारखाने गिऱ्हाइकाशी कसे वागले, हे पाहण्यासारखे आहे. लायकाने १९५४ साली आटे सोडून खाचांची बैठक घेतली. पण नव्या बैठकीचे अंतर त्यांनी हेतुपुरस्सर २७.८ मिलिमीटर, म्हणजे जुन्यापेक्षा बरोबर एक मिलिमीटर कमी ठेवले. एक मिलिमीटर जाडीचे कडे घातले की १९३१ चे भिंग नव्या कॅमेऱ्यावर चाले. पेंटॅक्सने १९७५ साली आटे सोडले, तेव्हा ४५.४६ हे अंतर तसेच ठेवले. तेथेही कडे घालून जुनी भिंगे वापरता आली. निकॉनने १९५९ ची बैठक आरशाच्या कॅमेऱ्यांवर शेवटपर्यंत चालविली. मात्र तेथेही आतील जोडण्या बदलत गेल्या. १९७७ पूर्वीची भिंगे न बदलता नंतरच्या काही कॅमेऱ्यांवर बसविली तर कॅमेऱ्याचा नाजूक भाग मोडू शकतो. वरून बैठक तीच दिसते म्हणून जोराने फिरवू नये.

कॅननची गोष्ट निराळी. १९८५ साली मिनोल्टाने आपोआप फोकस करणारा कॅमेरा आणला आणि सर्व कारखान्यांची धांदल उडाली. कॅननने १९८७ साली आपली १९७१ ची बैठक सोडून अगदी नवी बैठक काढली. तिचा व्यास मोठा होता आणि भिंग व कॅमेरा यांच्यातील सर्व निरोप विजेच्या स्पर्शबिंदूंनी जात होते. जुन्या बैठकीचे अंतर ४२ मिलिमीटर, नवीचे ४४. म्हणजे जुने भिंग नव्या कॅमेऱ्यावर बसविण्यासाठी कड्याची जाडी उणे दोन मिलिमीटर हवी. ती कोठून आणावी? मध्ये आणखी काच घातल्याखेरीज दूरची वस्तू स्पष्ट होईना. ज्यांनी आयुष्याची पुंजी जुन्या भिंगांत घातली होती त्यांना हा मोठा फटका होता. तरीही येथे न्याय दोन्ही बाजूंनी केला पाहिजे. जुने रूळ उखडल्यामुळेच कॅननला वेगाने आणि बिनआवाज फोकस करणारी भिंगे लवकर देता आली. निकॉनने जुन्याला सांभाळले. त्या बदल्यात फोकस फिरविणारी मोटर बरीच वर्षे कॅमेऱ्यात ठेवावी लागली. बेळगावचा मार्ग ब्रॉडगेज झाला तेव्हाही जुने डबे, जुनी इंजिने निकालात निघाली. पण मिरजेचा बदल टळला.

यानंतरची घडामोड आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. २००८ साली आरसा काढून टाकलेले कॅमेरे निघाले, आणि २०१८ पर्यंत कॅनन व निकॉन हे दोघेही त्या मार्गाला लागले. आरसा गेला तशी त्याची जागाही मोकळी झाली आणि बैठकीचे अंतर एकदम घटले. सोनीच्या बैठकीत ते १८ मिलिमीटर आहे, कॅननच्या २०१८ च्या बैठकीत २०, आणि निकॉनच्या २०१८ च्या बैठकीत १६. आता हिशेब पाहा. निकॉनच्या जुन्या भिंगाला ४६.५ मिलिमीटर हवेत, नव्या कॅमेऱ्यात १६ आहेत. मधले ३०.५ मिलिमीटर एका पोकळ नळीने भरून काढावयाचे. बेचाळीस आट्यांचे भिंग सोनीवर बसवावयाचे तर २७.४६ मिलिमीटरची नळी. या नळीला बाजारात अडॅप्टर म्हणतात. तिच्यात काच नाही, म्हणून चित्र बिघडत नाही. १९८७ साली कॅननच्या ज्या भिंगांची वाट बंद झाली होती, तीसुद्धा या नळीने पुन्हा चालू लागली. अडॅप्टर म्हणजे श्रोतेहो, हातात मावणारे मिरज जंक्शनच आहे. माल सुरक्षित पोहोचतो. उतरवून भरण्याचा वेळ मात्र द्यावा लागतो.

हा वेळ कशात जातो? साध्या नळीतून विजेचा निरोप जात नाही. फोकस हाताने करावा लागतो, छिद्र लहानमोठे करण्याचे कडे हाताने फिरवावे लागते. काही महाग अडॅप्टरांत विजेचे स्पर्श असतात. परंतु त्यांनाही मर्यादा आहेत. निकॉनच्या जुन्या भिंगांपैकी ज्यांचा फोकस कॅमेऱ्यातील मोटरीने फिरे, ती निकॉनच्या एफटीझेड या नळीवरून आपोआप फोकस करीत नाहीत. या गोष्टी दुकानात विचारून नव्हे, तर आपले भिंग बरोबर नेऊन, तेथेच बसवून पाहाव्यात.

तेव्हा जुने की नवे, याचा निर्णय कामावरून करावा, असे मला वाटते. लग्नाचे काम घ्या. कार्यालयात उजेड मंद, त्यात रंगीत दिवे, वधू-वर हलत आहेत, अक्षता पडतात तो क्षण दुसऱ्यांदा येत नाही. येथे डोळ्यावर आपोआप फोकस धरणारे नवे भिंग हवे. हाताने फोकस करणारा कुशल माणूसही शंभरातील काही चित्रे गमावतो, आणि नेमके मुलीच्या आजीचे चित्र त्यांत असावयाचे! ज्याचे पोट लग्नसराईवर आहे त्याने हप्ता काढावयाचाच असेल तर तो अशा एका भिंगासाठी काढावा.

दुसरे उदाहरण बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीचे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या बीचिराज नावाच्या मंत्र्याने १२०४ साली बांधविलेले हे जैन मंदिर. आत काळोख आणि डोक्यावर दगडात कोरलेले कमळ. मागे सरकण्यास जागा थोडी, म्हणून विशाल कोनाचे भिंग हवे. आरशाच्या काळातील विशाल कोनाची भिंगे एका अडचणीत घडलेली होती. आरशामुळे त्यांना फिल्मपासून दूर राहावे लागे, आणि ते साधण्यासाठी काचांची उलटी रचना करावी लागे; जुन्या स्वस्त भिंगांत चित्राचे कोपरे त्यामुळे ओढल्यासारखे दिसतात. नव्या बैठकीत मागची काच सेन्सरजवळ आणता येते, म्हणून कोपरे सुधारले. विशाल कोनाच्या कामात नव्याकडे झुकते माप द्यावे.

पण बसून काढावयाचे व्यक्तिचित्र, तंबाखूच्या वखारीतील शांत उजेडात बसलेला म्हातारा, यल्लूरच्या राजहंसगडावरून दिसणारा पावसाळ्यातील मुलूख, अशा कामांत १९६० ते १९८० मधील ५० किंवा ८५ मिलिमीटरचे चांगले भिंग आजही उणे पडत नाही. या मध्यम कोनाच्या भिंगांची रचना फार पूर्वीच पक्वतेला पोहोचली होती. त्यांची घडण पितळ-अॅल्युमिनिअमची आहे. नव्या भिंगांतील विजेची पट्टी किंवा मोटर गेली तर सुटा भाग मिळेपर्यंत ते पडून राहते, तसे यांचे होत नाही. ज्याच्याजवळ असे भिंग आहे त्याने ते विकू नये. मोडीत त्याचे जे मोल येईल त्यापेक्षा एका नळीचा खर्च केलेला बरा.

यात आमच्या हवामानाचा विचार विसरून चालणार नाही. बेळगाव-खानापूरचा पावसाळा चार महिने भिंतींना ओल आणतो. अशा दमट हवेत बंद कातडी पिशवीत ठेवलेल्या भिंगाच्या आत बुरशी धरते. सुरुवातीस ती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. पुढे लेप खाते आणि मग पुसूनही डाग जात नाही. जुने भिंग विकत घेताना बॅटरीचा उजेड एका बाजूने टाकून दुसऱ्या बाजूने पाहावे. छिद्राच्या पात्यांवर तेल आले असेल तर ती जड चालतात. दोन काचा जोडणारा डिंक सुटला असेल तर कडेशी इंद्रधनुष्यी रंग दिसतात. धुळीचे चार कण आत असले तर घाबरू नये. घरी भिंगे झाकणाच्या घट्ट डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत, पुड्या अधूनमधून तापवून कोरड्या कराव्यात आणि भिंगांना कोवळे ऊन दाखवावे. कातडी पिशवी शोभेला ठेवावी.

आता एक शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते ती सर्वांत निकडीची आहे. या सीमाभागातील जुन्या स्टुडिओंच्या माळ्यांवर काचेच्या आणि फिल्मच्या निगेटिव्हांच्या पेट्या पडून आहेत. त्यांत मुंजी-लग्ने आहेत, शाळांचे वार्षिक गट आहेत, तालमीतले पैलवान आहेत. १९५६ नंतरच्या सभा-मिरवणुका, १९८१ साली निपाणीजवळ महामार्गावर तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी धरलेला ठिय्या, असल्या प्रसंगांच्या निगेटिव्ह एखाद्या पेटीत असतील, तर त्यांची दुसरी प्रत कोठेही नसण्याचा संभव आहे. दमट हवेत या निगेटिव्हांवरही बुरशी चढते; जुन्या फिल्मला शिर्क्यासारखा आंबट वास येऊ लागला म्हणजे ती आक्रसू लागली असे समजावे. अनेक ठिकाणी अशा पेट्या त्यांतील चांदीसाठी वजनावर विकल्या गेल्या आहेत.

त्यांच्या प्रती काढण्यास फार मोठे यंत्र लागते असा समज आहे. तो खरा नाही. स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत जो एन्लार्जर होता, त्याचे भिंग शोधावे. ते बहुधा ३९ मिलिमीटर आट्यांचे असेल. १९३० साली लायकाने घेतलेला तोच व्यास पुढे एन्लार्जरच्या भिंगांत रूढ झाला. हे भिंग सपाट निगेटिव्हचे सपाट चित्र उमटविण्यासाठीच घडविलेले असते. डोंगर-दऱ्या काढणारे भिंग या कामात त्याची बरोबरी करू शकत नाही. ते भात्यावर बसवावे, भाता नव्या बिनआरशाच्या कॅमेऱ्याला जोडावा, निगेटिव्ह खाली पांढऱ्या समान उजेडावर ठेवावी, कॅमेरा न हलेल असा घट्ट बांधावा आणि एकेक प्रत घ्यावी. ज्या भिंगाने पन्नास वर्षांपूर्वी ती निगेटिव्ह कागदावर उतरविली, तेच भिंग आज तिला वाचवील. वडिलांचे म्हणणे येथे खरे ठरते, आणि मुलाच्या नव्या कॅमेऱ्यावाचून ते खरे ठरू शकत नाही.

मिरजेच्या आवारातील मीटरगेजचे रूळ आता गेले. जोवर ते होते तोवर गाडी बदलण्यात कोणाला कमीपणा वाटला नाही; पोहोचणे महत्त्वाचे होते. कपाटातील भिंग काढा, त्याच्या बैठकीचे माप पाहा, उजेडासमोर धरून त्याची काच तपासा, आणि माळ्यावरची पेटी या पावसाळ्यापूर्वी खाली उतरवा. नवे काय घ्यावयाचे, हे त्यानंतर ठरविले तरी चालेल.